सरळ पाठीचा दाखला

माणूस सरळ नसतो, यावर मास्तरांचा अठ्ठेचाळीस वर्षं विश्वास होता, आणि हा विश्वास त्यांनी टेपने मोजून मिळवला होता. शिंप्यासमोर उभा राहिला की कुणीही पोट आत ओढतो, छाती काढतो, मान ताठ करतो. पण टेप खांद्यावरून फिरली की खरं काय ते बाहेर येतंच. कुणाचा डावा खांदा अर्धा इंच खाली, कुणाची पाठ वर फुगलेली, कुणी कमरेतूनच एका बाजूला कललेला. मास्तर यातलं अक्षरही गिऱ्हाइकाला सांगत नसत. कागदावर दोन आकडे लिहीत, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या, आणि पुढचं काम कात्री, कॅनव्हास आणि कापसाच्या पॅडवर सोपवत. आठ दिवसांनी तोच माणूस कोट घालून आरशात बघे आणि स्वतःवरच खूश होई. "मास्तर, तुमच्या हातात जादू आहे," म्हणे. जादू डाव्या खांद्यात असे, चांगली अर्धा इंच जाडीची.

आता मास्तर स्वतः चौऱ्याहत्तरचे झाले होते. मशीनवर वाकून वाकून त्यांची पाठ अशी झाली होती, की ते नुसते उभे राहिले तरी काहीतरी शिवतायत असं वाटे. मुलीच्या घरी तळमजल्यावर राहत आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची कामाची खोली होती. तिथे पायमशीन, कापायचं टेबल, जुनी जड इस्त्री आणि खिडकीशी एक उंच आरसा. गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, तीही पँट कमरेला सैल करायला येणारी. पण मास्तर रोज सकाळी नऊला वर जात आणि संध्याकाळी सहाला खाली येत, जणू काही वर माणसं रांग लावून बसली आहेत.

मध्ये एकतीस पायऱ्यांचा जिना होता. अरुंद, सोळाव्या पायरीला वळण, आणि कठडा एकाच बाजूला. या जिन्यावर मास्तर एका वर्षात दोनदा पडले. पहिल्यांदा नुसतं ढोपर खरचटलं. दुसऱ्यांदा हातात कात्री होती, अकरा इंची. लागली कुणालाच नाही, पण पडल्यावर ती मास्तरांच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर सापडली, आणि ती उचलणारी त्यांची मुलगी होती.

मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. चढ्या आवाजात बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगावं, तसं तिने सांगितलं, "बाबा, खोली बंद. शिवणाच्या क्लासवाल्या बाई मशीन न्यायला तयार आहेत."

"माझं मशीन? त्या पोरींना पिकोफॉल करायला?"

"मग काय करू? रोज दुकानात फोन वाजला की हातातल्या गोळ्यांची मोजणी चुकते."

मास्तरांनी दोन दिवस जेवणावर राग काढला, तिसऱ्या दिवशी नीट जेवले, आणि चौथ्या दिवशी तडजोड झाली. दवाखान्यातर्फे वाचनालयाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी ताई-चीचा, म्हणजे संथ चिनी व्यायामाचा वर्ग सुरू होणार होता, बारा आठवड्यांचा. पाठ सरळ राहावी, तोल सुधारावा म्हणून. शेवटी डॉक्टर तपासून दाखला देणार होते. दाखल्याची मुख्य अट अशी, की एका पायावर, कशालाही न धरता, दहा सेकंद उभं राहता आलं पाहिजे. दाखला मिळाला तर खोलीची किल्ली मास्तरांची, नाही मिळाला तर मशीन क्लासला. मास्तर लगेच हो म्हणाले. दहा सेकंद म्हणजे काय, सुईत दोरा ओवायला याहून जास्त लागतात. मग मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. मास्तर तीनला कपाटावर आदळले.

निकाल लागेपर्यंत वर जायला परवानगी होती, पण पहाऱ्यात. सकाळी मुलगी त्यांच्या मागे एक पायरी खाली चालायची. संध्याकाळी उतरताना पुढे एक पायरी खाली. हात लावायची नाही. हात त्यांच्या कमरेपासून चार बोटांवर धरून ठेवायची, नुसता.

"मी काय कपाट आहे का?" मास्तर दर सोळाव्या पायरीला थांबून विचारत. "सोड मागे लागणं."

"चला पुढे," मुलगी म्हणे.

वर्ग घेणाऱ्या बाई तिशीच्या आतल्या होत्या, आणि इतक्या सरळ होत्या की मास्तरांना पहिल्यांदा त्यांचा संशयच आला. असं माप त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. वर्गात बारा जण. त्यातली निम्मी मास्तरांची जुनी गिऱ्हाइकं, पण चेहऱ्यांवरून त्यांनी एकालाही ओळखलं नाही. पाठमोरे झाले तेव्हा एकेकाची ओळख पटली. तो डावीकडे झुकलेला म्हणजे पोस्टमन, पस्तीस वर्षं एकाच खांद्यावर थैली. त्या उजव्या खांद्याने वर गेलेल्या म्हणजे गणिताच्या बाई, फळ्यावर लिहून लिहून. मास्तरांना बरं वाटलं. माणसं होती तशीच होती.

"डोक्याच्या शेंड्याला एक दोरा बांधलाय असं समजा," बाईंनी सांगितलं. "आणि तो कुणीतरी वरून अलगद ओढतंय."

"कुठल्या नंबरचा?" मास्तरांनी विचारलं.

"काय?"

"दोरा. साठ नंबरचा असेल तर तुटेल. डोकं जड असतं."

बाई हसल्या. मास्तर हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता.

त्यानंतर बारा आठवडे, आठवड्यातून तीन सकाळी, मास्तरांनी जे केलं ते त्यांच्या मते व्यायाम या नावाला कलंक होतं. सगळं वजन एका पायात हळूहळू ओतायचं, दुसरा पाय रिकामा झाला की तो मांजराच्या पावलाने पुढे ठेवायचा. हातांनी ढग ढकलायचे. ढगांशी मास्तरांचं काही वाकडं नव्हतं, पण ढकलले. शेवटी कोंबडा. एक पाय वर घेऊन उभं राहायचं. मास्तर हा कोंबडा खुर्चीच्या पाठीवर एक बोट टेकवून करत आणि बाईंची पाठ वळली की दुसरंही बोट टेकवत. शेजारी पोस्टमन पूर्ण पंजाच टेकवत असे, त्यामुळे मास्तरांना स्वतःचं एक बोट फार प्रामाणिक वाटे.

आठव्या आठवड्यात बातमी आली, की समारोपाला आरोग्य खात्यातले मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक होईल. त्यांना पटलं तर वर्ग पुढे चालू, नाहीतर बंद. सगळ्यांना एकसारखे कपडे असावेत असं बाईंना वाटत होतं, पांढरी सैल विजार आणि उभ्या कॉलरचं पांढरं जाकीट. हे ऐकल्यावर पोस्टमनने मास्तरांकडे बघितलं, गणिताच्या बाईंनी मास्तरांकडे बघितलं, आणि मास्तरांनी खिशातून टेप काढली. ती अजून रोज खिशात असे.

ते तीन आठवडे मास्तरांच्या आयुष्यात गेल्या दहा वर्षांत आले नव्हते असे गेले. बारा जाकिटं, बारा विजारी. खोलीत पुन्हा खडूची पूड उडाली, मशीनचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाऊ लागला. मुलगी संध्याकाळी न्यायला आली की मास्तर म्हणत, "एवढी बाही लावतो." आणि ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसून राही. ती बाही संपायला कधी कधी पाऊण तास लागे.

आता इथे मास्तरांच्या हातून जे झालं, त्यात कपट नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या हाताने डावा आकडा आणि उजवा आकडा वेगळा बघितला, त्या हाताने दोन्ही खांदे सारखे कापायचे कसे? पोस्टमनच्या डाव्या खांद्यात पॅड गेलं. गणिताच्या बाईंच्या उजव्या खांद्यातून कापड कमी झालं. ज्याची पाठ वर फुगलेली, त्याच्या फुगवट्याखालच्या खोलगट जागेत कॅनव्हासचा दुहेरी तुकडा गेला आणि कॉलर दोन बोटं मागे बसली. स्वतःच्या जाकिटावर तर मास्तरांनी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, कारण एवढी वाकडी पाठ त्यांना पूर्वी कधी मिळालीच नव्हती.

समारोपाच्या दिवशी बारा जण हॉलमध्ये रांगेत उभे राहिले. मास्तर शेवटचे. बाईंनी सगळ्यांना एका बाजूला वळायला सांगितलं, आणि मास्तरांची नजर रांगेवरून गेली. अकरा पाठी. एकही वाकडी नाही. खांदे एका ओळीत, कॉलर एका उंचीवर, माना दोऱ्याने ओढल्यासारख्या. क्षणभर त्यांचा ऊर भरून आला, कारागिराचा येतो तसा. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून ठेवलंय.

मोठ्या साहेबांना काही कळायचं कारण नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दवाखान्याच्या डॉक्टरांनी बारा आठवड्यांपूर्वी चौकटी आखलेल्या तक्त्यासमोर प्रत्येकाचा फोटो काढला होता. त्याच तक्त्यासमोर त्यांनी आता पुन्हा फोटो काढले आणि साहेबांना दोन्ही शेजारी शेजारी धरून दाखवले. आधीचे फोटो घरच्या सदऱ्यांतले होते. "बघा सर, बारा आठवड्यांत!" साहेब म्हणाले, "आश्चर्य आहे!" डॉक्टर म्हणाले, "विज्ञान आहे, सर." डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची उजवी बाही एक इंच लांब होती, हे मास्तरांनी तेवढ्यात बघून घेतलं.

एका पायावर उभं राहायची चाचणी पहिल्या तिघांची झाली. चौथ्याच्या वेळी साहेबांनी घड्याळ बघितलं. "पाठ एवढी सरळ आली म्हणजे तोल आलाच," डॉक्टर म्हणाले, आणि उरलेल्या नऊ दाखल्यांवर सही ठोकून मोकळे झाले. मास्तरांचा नंबर बारावा होता. त्यांनी दाखला दोन्ही हातांनी घेतला. तोंड उघडावं असं त्यांना वाटलं होतं, पण त्या कागदात एक मशीन होतं, एक टेबल होतं, एक खिडकी होती. शिवाय फसवलं कुणी होतं? डॉक्टरांनी पाठ बघितली, मास्तरांनी पाठ दाखवली.

मुलीने दाखला दोनदा वाचला. तिचे डोळे भरून आले. "बाबा, मला वाटलं नव्हतं," म्हणाली, आणि पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. शब्दाची पक्की होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी अर्धा तास आधीच कामाला निघून गेली. आता तिला थांबायचं कारण नव्हतं. मास्तर पांढरं जाकीट घालून, किल्ली खिशात टाकून राजासारखे जिना चढू लागले. पंधरा पायऱ्या झाल्या. सोळाव्या पायरीला ते नेहमीप्रमाणे थांबले, आणि "सोड मागे लागणं" म्हणायला मान वळवली. मागे फक्त जिना होता, खालपर्यंत.

मास्तरांना भीती वाटली. मुलीच्या त्या हाताने त्यांना कधी धरलं नव्हतं, एकदाही नाही. तरी इतके दिवस ते त्याच हाताच्या जोरावर चढत होते, आणि हे कळायला तो हात कामावर जावा लागला. त्यांनी भिंत पकडली. मग खाली बसले. पहिल्या मजल्यावरची शेजारीण भाजीची पिशवी घेऊन आली, तिने विचारलं, "काय झालं, मास्तर?"

"काही नाही. रंग बघतोय भिंतीचा. पोपडे आलेत."

आठ दिवस मास्तर असे वर गेले. चढताना दर तीन पायऱ्यांनी बसत, उतरताना तोंड भिंतीकडे करून, लहान मूल पलंगावरून उतरतं तसे. वर पोचल्यावर तासभर नुसते हात मांडीवर ठेवून बसत, कारण दम खाऊन झाल्याशिवाय सुईत दोरा जात नसे. ज्या खोलीसाठी एवढं केलं, तिच्यात पोचेपर्यंत अर्धा दिवस जाई. संध्याकाळी मुलगी विचारी, "कसा गेला दिवस?" मास्तर म्हणत, "फार काम." तिचा चेहरा हल्ली उजळलेला असे. रात्री झोप लागते म्हणाली. हे ऐकलं की मास्तरांना जाकीट पाठीत टोचायला लागे.

दरम्यान वर्गाचं भलतंच भलं झालं. पुढच्या वर्षाची मंजुरी आली. दवाखान्यात आधीचे आणि नंतरचे फोटो टांगले गेले, मास्तरांचा सगळ्यात वर. मास्तर एकदा बाईंना खरं सांगायला गेले. बाईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"मास्तर, मी त्या दिवशी पोस्टमनकाकांचा खांदा सरळ करायला गेले, तर माझं बोट आत कापसात गेलं," त्या म्हणाल्या. "पण वर्ग चालू राहिला ना? पाठ काय, कोटाने झाकते. पाय झाकत नाहीत. पायांवर काम करायला मला अजून एक वर्ष मिळालं." आणि जराशाने, "तुम्ही मात्र खुर्चीला बोट लावणं सोडा."

मास्तर वरमले. त्या दिवशी कोंबड्यात त्यांनी बोट काढलं आणि त्यानंतर परत लावलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मुलगी डबा भरत होती. मास्तर स्वयंपाकघरात आले, तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी जाकिटाची बटणं काढायला सुरुवात केली. जाकीट काढून त्यांनी खुर्चीवर ठेवलं. खुर्चीवरही ते सरळ पाठीने बसल्यासारखं राहिलं. आत बनियनमध्ये मास्तर होते तेवढेच वाकलेले उभे होते.

मुलीने जाकीट उचललं, खांदा चाचपला, पाठीतला कॅनव्हास दाबून बघितला. शिंप्याची मुलगी होती, तिला सांगावं लागलं नाही.

"सगळ्यांच्यात?" तिने विचारलं.

"बाराच्या बारा. पोस्टमनच्या तर उशीच आहे म्हण."

तिला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. "म्हणजे आठ दिवस तुम्ही त्या जिन्यावर..." ती खुर्चीत बसली. मास्तरांना वाटलं, आता मशीन गेलं. जाऊ दे. हिच्या डोळ्यात बघून आणखी एक दिवस "फार काम" म्हणणं आता जमणार नव्हतं.

"मोज," ते म्हणाले. "एकदा खरं मोज. मग कर तुला काय करायचं ते."

मुलीने घड्याळाकडे बघितलं. मास्तरांनी वजन डाव्या पायात ओतलं, उजवा पाय रिकामा केला आणि उचलला. एक, दोन, तीन. कपाट जिथे होतं तिथेच राहिलं. चार, पाच. घोटा थरथरायला लागला. सहा. सात, आणि मास्तर कलले, ते थेट तिच्या हातावर. हात चार बोटांवर तयारच होता.

"सात," ती म्हणाली. "पहिल्यांदा तीन होते."

"पण दहा नाहीत."

"नाहीत." तिने जाकिटाची घडी घातली, डबा पिशवीत ठेवला, आणि औषध कसं घ्यायचं ते सांगायच्या आवाजात सांगितलं, "मशीन राहू दे. किल्ली तुमच्याकडेच राहू दे. पण दहा होईपर्यंत मी मागे चालणार."

"आणि दहा झाले की?"

"मग तुम्ही मोकळे. मी अर्धा तास आधी कामाला जाईन."

याला आता आठ महिने झाले. वर्ग चालू आहे, मास्तर एक दिवस चुकवत नाहीत. तिथे कोंबड्यात ते पंचवीस मोजेपर्यंत हात सोडून उभे असतात, पोस्टमन तोंडात बोट घालून बघत राहतो. पण वर्गात जिना नाही. घरी रोज सकाळी स्वयंपाकघरात ते बनियनवर उभे राहतात, मुलगी घड्याळाकडे बघत मोजते, आणि नऊ झाले की मास्तरांचा पाय खाली टेकतो. मग दोघं जिना चढतात, सोळाव्या पायरीला तेच भांडण होतं, आणि मास्तर वर पोचून लगेच सुई हातात घेतात. पंचवीसची गोष्ट बाईंनी मुलीला केव्हाच सांगितली आहे. तरी ती रोज मोठ्याने मोजते, आणि नऊ म्हटल्यावर, दहा म्हणायच्या आधी, जरा थांबते.